पहिल्या वर्षावरचा भार : एमबीबीएसच्या शैक्षणिक नियमांमागील विचार

महाराष्ट्रात बारावी उत्तीर्ण झालेला आणि ‘नीट’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत पुरेसे गुण मिळवलेला विद्यार्थी वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी थेट वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होतो, तेथे साडेचार वर्षे शिकतो, अंतिम परीक्षेनंतर एक वर्ष रुग्णालयात देखरेखीखाली काम करतो, म्हणजेच आंतरवासिता किंवा इंटर्नशिप पूर्ण करतो, आणि त्यानंतर एमबीबीएसची पदवी घेऊन डॉक्टर म्हणून नोंदला जातो. हा क्रम आपल्या समाजाच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या गेल्या आहेत, हे सहसा ध्यानात येत नाही. सर्वसाधारण पदवीशिक्षणाने विद्यार्थ्याला जी बौद्धिक शिस्त, भाषा, स्वतंत्रपणे अभ्यास करण्याची सवय आणि वयाची प्रगल्भता मिळावी अशी अपेक्षा असते, ती या अभ्यासक्रमाने व्यावसायिक शिक्षण देता देताच पुरी करावयाची असते. या जोडकामाचा सर्वाधिक भार पहिल्या वर्षावर पडतो, आणि वैद्यकीय शिक्षणाचे नियम वाचताना हा भार कोणी, कसा आणि किती ओळखला आहे हेच पाहावे लागते.

पदवी आणि वैद्यकशिक्षण यांचा संबंध सर्वत्र आणि सर्वकाळ सारखा राहिलेला नाही. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा मुंबई विद्यापीठ अस्तित्वातच नव्हते. विद्यापीठाची स्थापना १८५७ची, आणि भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी त्याआधीच या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले होते. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात वैद्यकशाळेत जाण्यासाठी आधीची पदवी सर्वत्र आवश्यक नव्हती. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्या अशी कोणतीही पदवी हाती नसताना. पुढे १८९३ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकशाळेने प्रवेशासाठी पदवीची अट घातली, १९१०च्या फ्लेक्स्नर अहवालाने त्या नमुन्याला प्रतिष्ठा दिली, आणि चार वर्षे पदवी व त्यानंतर चार वर्षे वैद्यकशास्त्र असा आठ वर्षांचा मार्ग तेथे रूढ झाला. या मार्गाला पर्याय म्हणून अमेरिकेतील काही विद्यापीठांनी दोन्ही टप्पे एका प्रवेशाखाली आणले. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकशाळेने १९७१पासून शालेय शिक्षणानंतर सहा वर्षांत दोन्ही पदव्या देणारा कार्यक्रम चालवला, तर ब्राउन विद्यापीठाने आठच वर्षे ठेवून विद्यार्थ्याला दोन्ही टप्प्यांची हमी प्रारंभीच दिली. यांपैकी सहा वर्षांचा कार्यक्रम आपल्या एमबीबीएसच्या सर्वांत जवळचा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी तुलना उपयोगी पडते.

महाराष्ट्रातही एके काळी मधला एक टप्पा होता. अकरावी मॅट्रिकच्या काळात विद्यार्थी शाळा सोडल्यावर कला-विज्ञान महाविद्यालयात दोन वर्षे काढून इंटर सायन्स करीत असे, आणि जीवशास्त्राच्या ‘बी’ ग्रुपमधील गुणांवर त्याला वैद्यकीय प्रवेश मिळत असे. दहा अधिक दोन हा आकृतिबंध आल्यावर, म्हणजे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, ही दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयांकडे गेली. ती मोठ्या महाविद्यालयाच्या आवारातच राहिली, परंतु त्यांचे स्वरूप हळूहळू प्रवेश परीक्षेच्या तयारीचे झाले. कोचिंग क्लास आणि कनिष्ठ महाविद्यालय यांची ‘इंटिग्रेटेड’ जोडी इतकी सर्रास झाली की विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची हजेरी बायोमेट्रिक पद्धतीने घेण्याचा आदेश राज्य शासनाला २०१८ साली काढावा लागला. प्रयोगशाळेत उभे राहणे, शिक्षकाला उलट प्रश्न विचारणे, अवांतर वाचणे, या गोष्टींसाठी या दोन वर्षांत उसंत उरत नाही, आणि पर्याय निवडून उत्तर देण्याच्या सरावातून आलेला विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचतो तेव्हा दीर्घ उत्तर लिहिणे, तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर बोलणे आणि न समजलेले मोकळेपणाने मान्य करणे ही तीनही कौशल्ये त्याला नव्याने मिळवावी लागतात.

नियमांची मांडणी या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. देशातील वैद्यकीय शिक्षणाचे किमान मानदंड पूर्वी भारतीय वैद्यक परिषद ठरवीत असे. २०१९च्या कायद्याने निर्माण झालेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२०मध्ये तिची जागा घेतली. महाराष्ट्रात परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे काम नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ करते, ज्याची स्थापना १९९८ साली झाली आणि ज्याने तोवर वेगवेगळ्या विद्यापीठांकडे विखुरलेली वैद्यकीय महाविद्यालये एका छत्राखाली आणली. म्हणजे मुंबईच्या भांडुप उपनगरातील एखादा विद्यार्थी शीवच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात शिकत असला, परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात म्हणजे केईएममध्ये शिकत असला, किंवा उलट दिशेची गाडी पकडून कळव्याच्या राजीव गांधी महाविद्यालयात जात असला, तरी त्याची प्रश्नपत्रिका नाशिकहून येते आणि तो किती वेळा परीक्षेला बसू शकतो हे दिल्लीत ठरते. महाविद्यालयाच्या हातात उरतात त्या हजेरी, अंतर्गत गुण आणि विद्यार्थ्याकडे पाहण्याची दृष्टी.

साडेचार वर्षांचे अध्ययन तीन व्यावसायिक टप्प्यांत विभागलेले असते, आणि त्यांपैकी तिसऱ्याचे पुन्हा दोन भाग पडतात. २०२३च्या नियमावलीनुसार पहिला व दुसरा टप्पा आणि तिसऱ्याचा पहिला भाग प्रत्येकी बारा महिन्यांचा, तर शेवटचा भाग अठरा महिन्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन विषय येतात. हा टप्पा उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही, त्यासाठी चारच संधी आहेत, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत आंतरवासिता वगळून सगळा अभ्यासक्रम संपवावा लागतो. १९९७च्या नियमावलीत एका विषयात थोडक्यात अडकलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठ कमाल पाच सवलतीचे, म्हणजे ग्रेस गुण देऊ शकत असे. २०२३च्या नियमांनी तीही वाट बंद केली.

चार संधी ही संख्या वाचताना पुरेशी वाटते, परंतु तिचा हिशेब नीट मांडल्यावर तिचे खरे स्वरूप उघड होते. वर्षअखेरीची विद्यापीठ परीक्षा ही पहिली संधी, तिच्या निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होणारी पुरवणी परीक्षा, जिला विद्यार्थी ‘सप्ली’ म्हणतात, ही दुसरी. पुढच्या वर्षीच्या तुकडीबरोबर दिलेली परीक्षा ही तिसरी आणि तिची पुरवणी ही चौथी. प्रत्येक परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या चारही संधी अशा प्रकारे दोन शैक्षणिक वर्षांतच संपतात. पूर्वी अनुत्तीर्णांची सहा महिन्यांनी मागे चालणारी वेगळी तुकडी असे. २०१९नंतरच्या रचनेत ती राहिली नाही आणि पुरवणीतही अडकलेल्या विद्यार्थ्याला एका वर्षाने कनिष्ठ असलेल्यांच्या बाकावर जाऊन बसावे लागते. त्याच्याबरोबर आलेले मित्र तोवर वॉर्डात रुग्ण तपासू लागलेले असतात. या मानसिक धक्क्याची दखल नियमाच्या एकाही कलमात नाही, आणि अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हा धक्का पेलण्याची तयारी करून देणारे पदवीशिक्षण तर या विद्यार्थ्याला मिळालेलेच नसते.

हजेरीच्या नियमात दोन आकडे आहेत : व्याख्यानांना ७५ टक्के, आणि प्रात्यक्षिके व रुग्णालयीन सत्रांना ८० टक्के. हा फरक विचारपूर्वक केलेला आहे, कारण व्याख्यानातील मजकूर पुस्तकातून भरून काढता येतो, पण मृतदेहाच्या विच्छेदनात हाताला जे कळते किंवा रुग्णाच्या पोटावर हात ठेवून जे जाणवते ते नंतर एकट्याने मिळवता येत नाही. ज्याची हजेरी कमी भरते त्याला विद्यापीठ परीक्षेचा अर्जच भरता येत नाही. विद्यार्थ्यांच्या बोलीत तो ‘डिटेन’ होतो. मुंबईच्या उपनगरात घरी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या आकड्याला एक वेगळे परिमाण येते. भांडुपहून शीव हे धीम्या गाडीने सहावे स्थानक, अंतर फार नाही. परंतु कुर्ला ते शीव हा मध्य रेल्वेचा पट्टा पावसाळ्यात पाणी साचून ठप्प होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि सकाळच्या पहिल्या व्याख्यानाची हजेरी घेणारी वही मात्र उशिराच्या गाडीसाठी थांबत नाही. भांडुपच्या कोकणनगर किंवा टेंभीपाड्याच्या डोंगरउतारावरील दहा बाय बाराच्या खोलीत भावंडांसह राहणाऱ्या मुलाला रात्रीचा अभ्यास कोठे करावा हाही प्रश्न असतो, आणि वसतिगृहातील मर्यादित जागा स्वाभाविकपणे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना आधी दिल्या जातात. हजेरीची अट सैल करावी असा याचा अर्थ नाही. रुग्णांच्या हितासाठी ती कडकच असली पाहिजे. मात्र दर महिन्याला नोंदली जाणारी ही माहिती वर्षअखेरी दार बंद करण्यासाठीच वापरली जावी, आणि ऑक्टोबरमध्येच साठ टक्क्यांवर घसरलेल्या विद्यार्थ्याला बोलावून काय बिघडले आहे हे विचारण्यासाठी वापरली जाऊ नये, ही गोष्ट समर्थनीय ठरत नाही.

अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे महाविद्यालयाने वर्षभर घेतलेल्या चाचण्या, प्रात्यक्षिके आणि प्रिलिमचे गुण, यांचे स्थान गेल्या काही वर्षांत बदलले आहे. अंतर्गत परीक्षांत लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून ५० टक्के आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के मिळवल्यावरच विद्यार्थी विद्यापीठ परीक्षेस पात्र ठरतो. या बदलाचा हेतू चांगला आहे, कारण शेवटच्या दीड महिन्यात जागून पास होण्याची जुनी युक्ती त्यामुळे निष्प्रभ होते आणि अभ्यास वर्षभर विभागला जातो. त्याचबरोबर हे गुण देणारा शिक्षक आणि विद्यार्थी रोज एकमेकांसमोर असतात, म्हणून निकाल वेळेवर फलकावर लावणे, उत्तरपत्रिका दाखवणे आणि कमी पडलेल्यांसाठी पूरक अध्यापन करणे या तरतुदी केवळ सौजन्य म्हणून नव्हे, तर न्याय्यतेची अट म्हणून पाळल्या गेल्या पाहिजेत.

२०१९च्या तुकडीपासून लागू झालेला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम हा या सगळ्या बदलांचा गाभा आहे. विद्यार्थ्याला काय ठाऊक आहे याऐवजी त्याला काय करता येते यावर हा अभ्यासक्रम भर देतो. जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखवणे, आणि प्रत्यक्ष कामात करणे. नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक कौशल्यापुढे विद्यार्थ्याने यांपैकी कोणती पायरी गाठायची हे लिहिलेले आहे, आणि काही कौशल्ये स्वतःच्या हाताने ठरावीक वेळा केल्याची नोंद शिक्षकाच्या सहीसह लॉगबुकात असावी लागते. ‘एटकॉम’ नावाचा घटक, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे शिक्षण, पहिल्या वर्षापासून सर्व टप्प्यांत विणलेला आहे. रुग्ण असणे म्हणजे काय, ज्याने आपले शरीर शिक्षणासाठी दिले त्याच्याशी कसे वागावे, वाईट बातमी कशी सांगावी, यावर विद्यार्थ्यांनी चर्चा करावी आणि आपले चिंतन लिहून काढावे अशी त्यात अपेक्षा आहे. सामान्य पदवीशिक्षणाने माणसाला जे द्यायचे असते त्याच्या सर्वांत जवळ जाणारा भाग या अभ्यासक्रमात हाच आहे. दुर्दैवाने लॉगबुक आणि चिंतनलेखन या दोन्ही गोष्टी परीक्षेच्या तोंडावर एकमेकांच्या वहीतून उतरवल्या जातात तेव्हा नियम पाळला जातो आणि शिक्षण राहून जाते. शंभर-दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या तुकडीत मोजक्या शिक्षकांनी प्रत्येकाचे लेखन वाचणे सोपे नाही हे खरे. म्हणूनच लॉगबुकाचा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेने शिक्षकांच्या रिक्त जागा भरण्याचाही तितकाच आग्रह धरला पाहिजे.

पहिल्या वर्षाचा भार ओळखण्याचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न ‘फाउंडेशन कोर्स’ या प्रारंभिक अभ्यासक्रमात दिसतो. २०१९ साली त्यासाठी पूर्ण एक महिना आणि १७५ तास राखून ठेवण्यात आले : व्यवसायाची ओळख, प्रथमोपचारासारखी मूलभूत कौशल्ये, आरोग्य केंद्राची भेट, नीतिमूल्ये, खेळ व कला, आणि भाषा व संगणक यांसाठी ४० तास. नंतरच्या नियमांत हा अवधी सुमारे निम्म्यावर आणला गेला. पालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या आणि बारावीला विज्ञानाचे इंग्रजी जेमतेम आत्मसात केलेल्या मुलाला भाषेच्या या तासांची सर्वाधिक गरज असते, आणि तेच तास सहसा सर्वांत घाईने संपतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतून सोडवता येते, परंतु महाविद्यालयाच्या पहिल्या दिवसापासून शिकवणे, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत असतात. दोन्हींमधील दरी काही दिवसांच्या वर्गांनी भरत नाही. परदेशातील जोड-कार्यक्रमांत भाषा आणि मानव्यविद्या यांचे विषय पहिल्या दोन वर्षांत वैद्यक विषयांच्या शेजारी चालतात. आपल्याकडेही भाषासाहाय्याचा एक-दीड तास पहिल्या वर्षभर दर आठवड्याला ठेवला, तर मूळ अभ्यासक्रमाचे वेळापत्रक फारसे न हलवता तो शक्य आहे.

विद्यार्थ्याला समाजाच्या सान्निध्यात आणून प्रगल्भ करण्याची एक परंपरा महाराष्ट्राकडे आधीपासून आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ साली सेवाग्रामला सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांचा प्रवेश गांधीजींच्या आश्रमातील शिबिराने होतो, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथील कुटुंबांच्या आरोग्याची जबाबदारी आपल्या शिक्षणकाळात वाहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अलीकडे देशभर लागू केलेला कुटुंब दत्तक उपक्रम, ज्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे सोपवली जातात, याच विचाराशी जुळणारा आहे. मुंबईच्या महाविद्यालयांना वस्तीतील कामाचा स्वतःचा वारसा आहे : शीवच्या महाविद्यालयाचे धारावीतील नागरी आरोग्य केंद्र ‘छोटा सायन’ या नावाने ओळखले जाते, आणि केईएमचे केंद्र मालाडच्या मालवणीत आहे. भांडुपच्या चाळीतून आलेला विद्यार्थी धारावीतील कुटुंबाशी बोलू लागतो तेव्हा त्याला परकेपणा वाटत नाही, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकाने दिलेला न्यूनगंड तेथे काही अंशी ओसरतो. पहिल्या वर्षाच्या दडपणावर वेळापत्रकातला याहून परिणामकारक उतारा दिसत नाही.

मिसुरीच्या सहा वर्षांच्या कार्यक्रमाकडे पुन्हा वळले असता एक गोष्ट विशेष नजरेत भरते. तेथे सुमारे डझनभर विद्यार्थ्यांचा एक गट एका अनुभवी डॉक्टरकडे सोपवला जातो, त्याला ‘डोसंट’ म्हणतात. गटात वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी असतात, वरिष्ठ कनिष्ठांना शिकवतात, आणि तोच डॉक्टर त्यांच्याबरोबर काही वर्षे राहतो. मागे पडणारा विद्यार्थी निकालाच्या कागदावर दिसण्याआधी या गटात दिसतो. आपल्या नियमांतही मार्गदर्शक-शिक्षक नेमण्याची तरतूद आहे आणि अनेक महाविद्यालयांत तशा याद्या फलकावर लागतात. परंतु यादी लावणे आणि महिन्यातून एकदा भेटणे यांत मोठे अंतर आहे. मार्गदर्शकाच्या भेटींची नोंद हजेरीइतक्याच काटेकोरपणे ठेवली गेली, तर हे अंतर कमी होईल.

राज्य शासनाच्या आणि महापालिकेच्या महाविद्यालयांतून शिकलेल्या एमबीबीएस पदवीधरांना बंधपत्रानुसार एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते. एका विद्यार्थ्याच्या शिक्षणावर समाजाने केलेला खर्च वसूल व्हावा अशी या बंधपत्रामागची भूमिका आहे, आणि ती योग्य आहे. मात्र हाच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू पडतो : ज्याच्यावर समाजाने दोन वर्षे खर्च केला, त्याला चौथ्या संधीनंतर एका विषयातील अपयशापायी कायमचे बाहेर काढताना तो खर्चही वाया जातो, आणि अशा विद्यार्थ्याच्या हातात बारावीखेरीज कोणतेही प्रमाणपत्र उरत नाही. पदवी आणि वैद्यक यांचे टप्पे वेगळे असलेल्या देशांत वैद्यकशाळा सोडावी लागलेल्या माणसाकडे निदान आधीची पदवी असते.

कोविडच्या काळात प्रवेश घेतलेल्या २०२०-२१च्या तुकडीतील विद्यार्थ्यांना आयोगाने एकवेळची विशेष बाब म्हणून पहिल्या वर्षासाठी पाचवी संधी दिली होती. परिस्थिती विद्यार्थ्याच्या हाताबाहेर असू शकते, हे नियम करणाऱ्यांनीच त्या निर्णयातून मान्य केले. साथीचा रोग सर्वांना एकाच वेळी ग्रासतो म्हणून तो दिल्लीतून दिसतो. वडिलांचे आजारपण, घरातील कमावत्या माणसाचे जाणे, नैराश्य किंवा क्षयरोगासारखा दीर्घ आजार एकेका विद्यार्थ्याला गाठतो म्हणून तो दिसत नाही. परदेशातील जोड-कार्यक्रमांत अशा वेळी विद्यार्थ्याला रीतसर रजा घेता येते आणि रजेचा काळ अभ्यासक्रमाच्या मुदतीत धरायचा की नाही हे समिती ठरवते. आपल्याकडे नऊ वर्षांची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून अखंड मोजली जाते. महाविद्यालयाच्या वैद्यकीय मंडळाने तपासून दिलेल्या कारणासाठी एक वर्षापर्यंतची रजा या मोजणीतून वगळणे, आणि प्रकृती सावरल्यानंतर पहिल्या वर्षाची पाचवी संधी विद्यापीठाच्या समितीसमोर मागण्याचा अधिकार विद्यार्थ्याला देणे, या दोन दुरुस्त्यांसाठी अभ्यासक्रमातील एकही तास कमी करावा लागणार नाही आणि उत्तीर्णतेचा एकही टक्का खाली आणावा लागणार नाही.